ऋक्षानंदांचे वजन

धामापुरात भिकाजीच्या मांगराभोवती सकाळपासून माणूस मावत नव्हता. शेतातल्या त्या झोपडीत ऋक्षानंद महाराज अकरा दिवस अन्नपाण्यावाचून शीतनिद्रेत होते. ही विद्या हिमालयातल्या एका अस्वलाने दिली, असे ते सांगत. दाराला कुलूप होते; शिष्य बाबली तेवढा रोज छपरावर चढून तुळशीपत्र आत सोडी.

गर्दीत नर्मदा होती. तिचा नवरा परशुराम क्षयाने खंगला होता. "त्यालाही निजवू. रोग उपाशी मरेल. सुया बंद कर," असे महाराजांनी बजावल्यापासून तिने त्याला दवाखान्यात नेले नव्हते. आज दुपारी त्याला मांगरात कोंडायचे ठरले होते.

महाराज जांभई देत बाहेर आले. निजण्यापूर्वी गावाने त्यांची नारळांनी तुला केली होती, तशीच आताही करायची होती. तेव्हाचे शंभर नारळ पारड्यात पडले, तरी महाराजांचे पारडे जमीन सोडीना. आणखी सात लागले.

"उपासान मनीस वाढता, बघितल्यात?" भिकाजीने हात जोडले.

"मग उपासान माझी म्हस कित्याक वाळली रे?" गर्दीतल्या काशीबाईने विचारले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सत्यवतीबाईंनी महाराजांचे मनगट धरले. "अंग गरम, नाडी ब्याऐंशी. थंड मुलखातली वटवाघळे शीतनिद्रेत गेली की त्यांचे शरीर गुहेइतके गार पडते, हृदय अगदी संथ चालते. साठवलेली चरबी पुरवून पुरवून जाळतात आणि रोडावून उठतात. अस्वलही रोडावते. तुम्ही जाड कसे झालात?"

"चरबी आम्ही आतल्या आत निर्मिली."

"कशातून?"

महाराजांनी डोळे मिटले. नर्मदा मांगरात शिरली आणि केळीच्या पानावर माशाचे काटे घेऊन आली.

"हो बांगडो हिमालयातसून इलो, महाराज?"

बाबली महाराजांपासून दूर सरकला. "छपराच्या फटीतसून दोरयेन मडक्या सोडी होतंय. रोज पेज नि बांगडो. एकदा मीठ कमी पडला, तर शिव्यो घातल्यानी."

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "उपाशी माणसाचे शरीर निजत नाही, झिजते, क्षयाचे जंतू मात्र जागेच राहतात. कोणी चमत्कार सांगितला, तर मोजून पाहा, विचारून पाहा. त्यात देवाचा अपमान नाही."

नर्मदा तोवर भिकाजीच्या बैलांपाशी पोचली होती.

"भिकाजीकाका, गाडी जुंपा. तेंका घेवन दवाखान्यात जावचा आसा. बारा वाजता बंद होता."