ताप उतरल्यानंतर

मित्रांनो, मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे. माझ्या पोटातला पारा एका जागी बसत नाही आणि मला हातात घेणारा माणूसही आधी झटकतो. स्वस्थता मला ठाऊकच नाही.

क्रांती चौकातल्या एका औषधाच्या दुकानातून लक्ष्मणने मला घरी आणले. त्याची आई यमुनाबाई तेव्हा प्रौढांच्या वर्गात नुकत्याच आकडे शिकल्या होत्या. त्या मला खिडकीच्या उजेडात तिरपे धरून वाचत. गल्लीत कुणाचे अंग तापले, की आम्हा दोघांना बोलावणे येई. "यमुनाबाईची नळी खोटं नाय बोलत," असे लोक म्हणत. मला फार बरे वाटे.

एका वर्षी नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येई. घरोघरी उघडे ड्रम भरलेले असत आणि त्यांत डासांच्या अळ्या वळवळत. लक्ष्मणची बायको उमा तापाने फणफणली. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला, रोज दाखवायला या म्हणाले. मी एकशे चारपर्यंत चढलो.

मग एका सकाळी मी अठ्ठ्याण्णववर येऊन थांबलो.

"उतरला गं बाई," यमुनाबाई म्हणाल्या. "लक्ष्मण, आजचा दवाखान्याचा हेलपाटा वाचला. जा तू कामाला."

"आत्या, पोटात लई दुखतंय," उमा म्हणाली.

"खाल्लं नाय काही, दुखंल नाय तर काय. पिशोरला तुझ्या आईला निरोप देते, पोरगी बरी झाली म्हणून."

"नका देऊ. येऊन बसंल अन् तुमच्या चहाला नावं ठेवंल."

उमा हसली, आणि लगेच तिला उलटी झाली. हिरड्यांतून रक्त येत होते.

यमुनाबाईंनी मला पुन्हा तिच्या काखेत ठेवले. मी पुन्हा अठ्ठ्याण्णवच दाखवले. माझा जीव तळमळत होता, पण आकड्यापलीकडे मला बोलता येत नाही. चादर ओढताना यमुनाबाईंचा हात उमाच्या पायांना लागला. पाय ओलसर आणि गार पडले होते.

"लक्ष्मण, रिक्षा आण."

"तूच म्हणली ना, ताप नाय म्हणून?"

"ताप नाय, पर पोरगी गार पडाय लागली. पळ."

दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो. संध्याकाळपर्यंत घरी ठेवलं असतं, तर हाती लागली नसती."

मी यमुनाबाईंच्या मुठीत होतो. उमाने डोळे उघडून पाणी मागेपर्यंत ती मूठ सैल झाली नाही.

आता घरात बटणाचा थर्मामीटर आहे. मी फळीवर पडून असतो. पण शेजारी कुणी "उतरला" म्हटले, की मला चैन पडत नाही. मित्रांनो, ड्रम झाकून ठेवा, आठवड्याला घासून कोरडे करा. आणि डेंग्यूचा ताप उतरला, तरी पोट दुखणे, उलट्या, रक्त येणे, लघवी कमी होणे किंवा हातपाय गार पडणे दिसले, तर थेट दवाखाना गाठा. मी फक्त ताप सांगतो. माणूस कसा आहे, ते त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारा.