दुपारी तापवलेलं पाणी

मित्रांनो, जरा मान वर करा. आरशात नका बघू, आरशाच्या वर. तो भिंतीला टेकलेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला, पोट सुटलेला दिसतोय ना, तो मी. मी एक जुना गिझर आहे. आतून तापट आणि बाहेरून गार, असा माझा स्वभाव. बाहेरून हात लावाल तर काहीच कळणार नाही. पोटात काय आहे ते नळ सोडल्याशिवाय समजत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी तांब्याची टाकी बनली, मग तिच्यात कॉइल बसली आणि टाकीभोवती जाडजूड गादीसारखं वेष्टण गुंडाळलं गेलं. त्यावर पत्र्याचा अंगरखा चढला. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पोटात पाणी कोंबून कोंबून पाहिलं, एक थेंबही गळला नाही. त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा पठ्ठ्या टिकेल." ते शब्द मी आजवर जपून ठेवले आहेत. आमच्या जातीला कौतुक फार वेळा वाट्याला येत नाही.

दोन हमालांनी मला जिना चढवून या घरात आणलं. प्रत्येक वळणावर त्यांनी माझ्या वजनाचा उद्धार केला. मग भिंतीला खिळे ठोकले, मला टांगलं, आणि माझा संसार सुरू झाला.

या घरात तीन माणसं. घराचे कर्ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा, जे दिसेल ते बंद करत जायची त्यांना सवय. माणूस आत बसलेलं असलं तरी यांचा हात बटणाकडे जाणार. म्हणून वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांचं नाव बटणराव ठेवलं. वहिनी सकाळच्या पाळीत दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसतात आणि दुपारी घरी येतात. तिसरी ताई, बटणरावांची धाकटी बहीण. ती रफू करते. बटणराव तिला लहानपणापासून "सुई" म्हणतात.

बाथरूमचं दार उघडं असलं की मला समोर खिडकीजवळचं ताईचं टेबल दिसतं. फाटक्या कापडातलेच धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक विणून टाकायचं, असं तिचं काम. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. पण अशा कामात बोटं आखडतात. म्हणून संध्याकाळी काम आवरलं की ताई निळ्या काठाचं एनॅमलचं घमेलं माझ्या नळाखाली ठेवायची. गरम पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून मुठी उघडायची, मिटायची. संध्याकाळी हात शेकले की सकाळी बोटं तिचं ऐकायची. "आमचा गिझर म्हणजे माझा डॉक्टर आहे," असं ती आल्यागेल्याला सांगायची. मग मी दिवसभर हवेत असायचो. तसा मी भिंतीवर असतोच म्हणा.

अशी बरीच वर्षं गेली. माझ्या पोटात क्षारांचे थर साचले, अंगरखा पिवळा पडला, आणि तापताना मी थोडा कुरकुरू लागलो. या वयात कोण कुरकुरत नाही?

आणि मग घरात नवा मीटर आला. विजेचा दर आता दिवसभर एकसारखा राहणार नव्हता. दुपारी ऊन तापलं की गावाबाहेरच्या सौर पॅनेलमधून वीज नुसती ओसंडायची. तेव्हा दर खाली. संध्याकाळी सगळी माणसं घरी परतून एकदम बटणं दाबायची. तेव्हा दर आभाळाला. उद्याचे दर आजच मोबाइलवर कळायचे आणि वारा, ढग, ऊन पाहून रोज थोडे वर-खाली व्हायचे.

बटणरावांना तर रान मोकळं मिळालं. जेवताना ते बातम्या सांगाव्यात तसे दर वाचून दाखवू लागले. "उद्या दुपारी स्वस्त. संध्याकाळी आग." आणि संध्याकाळ झाली की घरात एक छोटा दिवा सोडून सगळं बंद.

"अहो, ताटात काय वाढलंय ते तरी दिसू द्या," वहिनी म्हणाल्या.

"सवयीने दिसेल."

"मग दुकानातून मला अंधारात दिसायचा चष्मा करून आणा."

बटणराव हसले, पण दिवा काही लागला नाही. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक रोडावलं होतं आणि त्यांना मनातून धास्ती होती. वाईट माणूस नव्हे हो तो. फक्त वीज वाचवायची म्हणजे ती वापरायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता या घरातली एक गंमत ऐका. पाणी हवं तेव्हाच गिझर लावायचा आणि बादली भरली की लगेच बंद करायचा, ही इथली पिढीजात शिस्त. बटणरावांच्या आईने घालून दिलेली. रिकाम्या बाथरूममध्ये माझा लाल दिवा दिसला की या घरात दूध उतू गेल्यासारखी धावाधाव व्हायची. दुपारी कोणी आंघोळ करत नाही. त्यामुळे स्वस्त दुपारी मी गार पडून राहायचो, आणि संध्याकाळी ताईला गरम पाणी हवं असायचं तेव्हा वीज नेमकी महाग असायची.

मला हे सगळं दिसत होतं. माझ्या अंगावरची ती जाड गादी काय शोभेची आहे? दुपारी तापवलेलं पाणी मी संध्याकाळपर्यंत आरामात गरम ठेवतो. माझी जातच साठवणाऱ्याची. पण सांगणार कसं? मला नळ आहे, तोंड नाही.

ताईने कोणाला काही न सांगता हात शेकायचं सोडून दिलं. दादाने तिला अडवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं. संध्याकाळी ती घमेलं घेऊन यायची, माझ्या बटणाकडे बघायची आणि तसंच गार पाणी घेऊन हात विसळून निघून जायची. वहिनींनी एकदा विचारलं तर म्हणाली, "हल्ली मला गरम पाणी सोसत नाही." किती सहज खोटं बोलली ती. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. पोटात कॉइल असून आपल्या माणसाला ऊब देता येऊ नये, यासारखं दुःख नाही.

हळूहळू तिची बोटं हट्टाला पेटली. सुई ओवायला वेळ लागू लागला, मग ती हातातून पडू लागली. बारीक काम ताई परत पाठवू लागली. एके दिवशी तिचं जुनं गिऱ्हाईक असलेला एक वादक काळा कोट घेऊन आला. तो कोट घालूनच तो कार्यक्रमात वाजवायला बसायचा, आणि कोपरावर तो टरकला होता. ताईने कोट उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या हातात परत दिला.

"हे आता माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरीकडे द्या."

"दुसरीकडे दिलं की रफू दिसतं," तो म्हणाला. "तुमचं दिसत नाही. राहू द्या तुमच्याकडे, मी थांबतो." आणि कोट खुंटीला अडकवून तो निघून गेला.

तो कोट माझ्या अगदी समोर लोंबत राहिला. ताई येताजाता त्याच्याकडे बघायची आणि मान वळवायची. तिचं सगळं आयुष्य त्या सुईत होतं. सुई सुटली तर ती करणार काय, हा विचार तिच्या चेहऱ्यावर मला रोज दिसायचा.

त्यातच घरात एक खोकं आलं. नवा छोटा गिझर. "नळ सोडला की तेवढ्यापुरता तापतो, साठवणुकीची भानगडच नाही," बटणराव खुशीत म्हणाले. "तो वरचा म्हातारा आता भंगारात. वीज पितो नुसता."

म्हातारा म्हटल्याचा मला राग आला नाही, भंगाराचा आला. पण खरी धडकी वेगळीच होती. तो छोटा येणार तो हाताला चटपटीत, पण पोटाला रिकामा. दुपारची ऊब संध्याकाळसाठी धरून ठेवणं त्याच्या नशिबातच नाही. तो बसला की ताईच्या हातांची वाट कायमची बंद. गार पाण्याचा नळही त्या आठवड्यात गळत होता, म्हणून बटणरावांनी त्याला फडकं आवळून ठेवलं होतं. फिटर येईल तेव्हा नळ दुरुस्त होईल आणि मी खाली उतरेन, असं ठरलं.

फिटर यायच्या आदल्या दुपारी वहिनी कपडे धुवायला बसल्या. बटणरावांच्या कामाच्या एप्रनवर तेलाचा डाग होता, गार पाण्याने निघेना. त्यांनी माझं बटण दाबलं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. शेजारीण आली होती, आणि शेजारीण आली की बोलणं दारात सुरू होऊन दारातच संपत नाही. एप्रन राहिला, डाग राहिला आणि मीही चालूच राहिलो.

मित्रांनो, मी त्या दुपारी मन लावून तापलो. पोट भरून तापलो आणि माझा लाल दिवा आपोआप विझला. मग ती ऊब मी घट्ट धरून ठेवली. संध्याकाळी बटणराव आले, बटण चालू दिसलं, त्यांनी "कोण हे" म्हणत ते खटकन बंद केलं आणि कपडे बदलायला गेले. आता सगळं ताईवर होतं.

ताई आली. घमेलं ठेवलं. गार नळाला फडकं आवळलेलं होतं, तेव्हा नेहमीसारखं गार पाणी येईल म्हणून तिने माझाच नळ सोडला आणि हात खाली धरले. तिने हात झटकन मागे घेतले. मग पुन्हा पुढे केले, हळूच, खरं आहे ना हे बघत. घमेलं भरलं. तिने हात बुडवले आणि डोळे मिटले. वाफेने आरसा धूसर झाला. कितीतरी दिवसांनी तिच्या मुठी पाण्यात उघडल्या.

वहिनींना आरशावरची वाफ दिसली. "बटण तर बंद आहे," त्या म्हणाल्या, आणि मग कपाळावर हात मारला. "अगंबाई, दुपारी लावला तो मी विसरलेच."

बटणराव धावत आले. "दुपारपासून चालू होता? अगं, केवढी वीज—" असं म्हणत त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दुपारचा दर पाहिला. सगळ्या दिवसातला सर्वांत कमी दर. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याला बोट लावलं.

"अजून गरम आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांची नजर बहिणीच्या हातांवर गेली. गाठी आलेली, सुजलेली बोटं. "सुई, तू हल्ली हात शेकत नव्हतीस?"

"संध्याकाळी महाग असतं ना, दादा."

बटणराव उलट्या बादलीवर मटकन बसले. "मी दिवे बंद करायला सांगितले होते गं," ते म्हणाले. "तुझे हात नव्हे."

"तू कुठे काय बोललास? मीच म्हटलं, आपल्या परीने वाचवू."

"आणि कोट खुंटीवर सुकतोय," वहिनी म्हणाल्या. अशा वेळीही त्यांना टोमणा आवरला नाही. "पिढीजात शिस्त म्हणे. उद्यापासून हे बटण मी दाबणार, दुपारी. बघू कोण बंद करतं ते."

दुसऱ्या दिवशी फिटर आला, तर खोकं त्याच्याच हाती परत गेलं. "याला साफ करून द्या," बटणराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. फिटरने माझं पोट उघडलं आणि आतला पांढरा खडबडीत थर बघून म्हणाला, "एवढं घेऊन हा तापत होता म्हणजे कमाल आहे." त्याने क्षार खरवडले, कॉइल बदलली, रबर नवं घातलं. पोट साफ झाल्यावर माणसाला कसं वाटतं ते तुम्हाला माहीतच आहे. माझी कुरकुर थांबली.

आता या घराचा कारभार पालटलाय. दुपारी दुकानातून बटणरावांचा फोन येतो. बंद केलंस का, असं ते विचारत नाहीत. "लावलास का?" असं विचारतात. ढगाळ दिवस असेल तर आदल्या दिवशीच दर बघून सांगतात, "उद्या पहाटे वारा आहे, पवनचक्क्यांची वीज स्वस्त मिळेल. पहाटेच तापवून ठेवू." इस्त्री, धुणं, पाण्याचा पंप, सगळं स्वस्त वेळेत सरकलंय. संध्याकाळी जे थोडं लागतं ते बिनघोर वापरतात. जेवताना मोठा दिवा लागतो आणि ताटात काय आहे ते सगळ्यांना दिसतं.

ताईची बोटं एका दिवसात सुधारली नाहीत. काही सकाळी ती अजूनही रुसतात. पण तिने कोट खुंटीवरून काढला, रोज थोडा थोडा विणला आणि पुरा केला. वादक आला, कोट खिडकीपाशी धरून कोपर शोधू लागला. हा कोपर बघितला, तो बघितला.

"कुठे फाटला होता हो?"

"आता मलाही सापडायचं नाही," ताई म्हणाली, आणि मला वाटतं, त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूला भंगारात काढण्याआधी तिचं पोट एकदा साफ करून बघा, तिला काय येतं ते तरी कळू द्या. वीज मुबलक असेल तेव्हा कामं उरकून घ्या आणि ऊब साठवून ठेवा. आणि तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे सगळ्यांसाठी गुपचूप आपलं काहीतरी बंद करून बसलंय. ते सांगणार नाही. तुम्हीच आज संध्याकाळी त्याचे हात आपल्या हातात घेऊन बघा. गार लागले, तर कोणतं बटण दाबायचं ते तुम्हाला कळेल.