खालच्या कवळीची कडा

मी गेल्यावर इथल्या कवळ्यांचं काय होणार, या काळजीने मला तीन महिने धड झोप नव्हती. परदेशातल्या या धर्मादाय दवाखान्यात मी दोन वर्षांसाठी बिनपगारी कामाला आलो होतो आणि त्यातले सतरा दिवस उरले होते. मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं आमच्या गावी कवळ्या बनवल्या, मग निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागलो. तेव्हा तिनेच वर्तमानपत्रातली ही जाहिरात कापून माझ्या बशीखाली ठेवली. "तिथे कोणाला तरी तुमची गरज आहे हो," ती म्हणाली. इथे नाही, एवढं तिने मनात ठेवलं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे एक कागद ठेवला होता. माझ्या हाताखाली शिकणारी बाई कवळ्यांची खोली एकटीने चालवू शकते, असं मी सही करून सांगायचं. सही केली तर खोली चालू राहणार. नाही केली तर मी विमानात बसलो की तिला कुलूप, कारण माझ्या जागी यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. कागद महिनाभर माझ्या खणात पडून होता.

ही बाई चाळिशीची. आधी बेकरीत कामाला होती म्हणून मी तिला बेकरीवाली म्हणतो. ती मला तोंडावर सर म्हणते, मागे काय म्हणते ते मी विचारलेलं नाही. हात चांगला, पण ऐकेल तर शपथ. मी सांगायचो, खालच्या कवळीची जिभेकडची कडा खोल ठेव म्हणजे पकड येते. ही ती घासून घासून आखूड करायची. शिवाय मेणाची कच्ची कवळी पेशंटच्या तोंडात बसवली की त्याच्याशी अर्धा अर्धा तास गप्पा. सून कशी वागते, गुडघा कुठे दुखतो, सगळं.

"हा दवाखाना आहे की पाणवठा?" मी विचारायचो.

"बोलताना कुठे टोचतंय ते कळतं, सर."

"माप नीट घेतलं की टोचतच नाही."

यावर ती मान डोलवायची आणि पुन्हा घासायला लागायची.

माझ्याकडे पुरावा होता. इथे आल्यावर मी केलेली पहिली कवळी माझ्या घरमालकीणबाईंची. वय अठ्ठ्याहत्तर, कणा ताठ, जीभ त्याहून ताठ. मी त्यांना मावशी म्हणतो. या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी आई मला न विचारता माझी बहीण कशी झाली?" अशा बाईने दोन वर्षांत कवळीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मी घरी पोचलो की दारातच सगळे दात दाखवून हसायच्या. "याला म्हणतात काम," मी बेकरीवालीला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचो. ती मेणाची सुरी पुसत राहायची.

मावशींचं एकच विचित्र होतं. त्या माझ्यासमोर कधी जेवल्या नाहीत. मला वाढायच्या, समोर चहा घेऊन बसायच्या आणि माझं खाणं बघत टोमणे मारायच्या. स्वतः म्हणे आधीच जेवलेल्या असायच्या. इकडे म्हाताऱ्या माणसांनी परक्यासमोर जेवायचं नाही अशी रीत असणार, असं मी ठरवून टाकलं. ती रीत मी बायकोला फोनवर कळवली आणि गावाकडच्या आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळालाही सविस्तर कळवली. त्यातल्या एकाने ती वहीत लिहून घेतली आहे.

एका मंगळवारी दुपारी दवाखान्याची वीज गेली आणि मी अवेळी घरी आलो. पायात नवे रबरी बूट होते, त्यामुळे जिन्यात आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात मावशी खिडकीपाशी उभ्या राहून भाजलेलं मक्याचं कणीस खात होत्या. कवळीने कणीस खाणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. माझी छाती फुगली. तेवढ्यात ओट्यावरच्या पेल्याकडे लक्ष गेलं. पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात मी केलेली कवळी.

"मावशी, मग तोंडात काय आहे?"

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कणीस पाठीमागे लपवलं. मी हात पुढे केला. नाइलाजाने त्यांनी खालची कवळी काढली, नळाखाली धुतली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती उजेडात धरली. जिभेकडची कडा आखूड, गोल आणि घासून गुळगुळीत केलेली. कोणाचं काम, ते विचारायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"आणि माझी?"

"तुझी टोचते रे. हसायला ठीक आहे. घास चावला की डोळ्यांत पाणी येतं."

"मग घालता कशाला?"

"तू घरदार सोडून इतक्या लांब आलास आणि आल्या आल्या माझ्यासाठी काहीतरी केलंस. तुझी पावलं जिन्यात वाजली की घालते. त्यात काय एवढं?"

मी कवळी त्यांना परत दिली आणि जिना उतरलो. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आधी कवळीचं वाटलं. मावशींचं वाटायला दवाखान्यापर्यंतचा रस्ता लागला.

वीज आली होती. बेकरीवाली कामाला बसली होती.

"मावशींची कवळी तू केलीस."

तिचा हात थांबला. "त्यांनी सांगितलं?"

"कणसाने सांगितलं. अगं, मी मावशींचंच उदाहरण तुझ्या तोंडावर फेकत होतो. एकदा बोलली असतीस तर सही त्याच दिवशी मिळाली असती."

"मावशींनी शपथ घातली होती," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुमची फजिती करून सही घेतली असती सर, तर ही खोली मला गोड लागली नसती."

मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ मेणाची कवळी तोंडात घेऊन जावयाची तक्रार करत होते. एका शब्दाला त्यांचा गाल किंचित आक्रसला. मला ते दिसलंही नसतं. तिने लगेच कवळी काढून तिथे पेन्सिलची खूण केली. चौतीस वर्षं मी लोकांना "आता बोलू नका" असंच सांगत आलो होतो. मी खणातून कागद काढला, सही केली आणि डॉक्टरीणबाईंना नेऊन दिला.

संध्याकाळी जेवायला बसलो तर मावशी माझीच कवळी घालून, चहाचा कप घेऊन समोर हजर.

"ती काढा," मी म्हणालो. "तुमची घाला आणि ताट घ्या."

त्या उठल्या, आत जाऊन आल्या आणि ताट घेऊन बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी पावाच्या टोकाचा कडक तुकडा माझ्या हाताखालून उचलला. "हा मला फार आवडतो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तूच खातोयस." आणि कुडुमकुडुम आवाज करत तो मजेत खाल्ला. मला रडू येत होतं.

"मावशी, दोन वर्षं आपण रोज असे एकत्र जेवलो असतो."

त्यांनी तोंडातला घास संपवला.

"अजून थोडे दिवस आहेस ना," त्या म्हणाल्या. "सावकाश जेव."