खांबामागचा जिराफ

चाळीस वर्षे यंत्रांचे आराखडे काढून निवृत्त झालेल्या त्या आरेखकांना घरचे लोक पाठीमागे ‘मिलीमीटर’ म्हणत, आणि त्यांना ऐकू जरा कमी येऊ लागल्यापासून समोरही म्हणत. माणूस सज्जन, पण ‘मी चुकलो’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नव्हते. यामागे तत्त्व होते. तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी त्यांच्या मनावर बिंबवले गेले होते, की आराखड्यात दोष सापडला तर आकांडतांडव करायचे नसते. कागदाच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात ‘सुधारणा क्रमांक एक’ असे लिहून तारीख घालायची, सही करायची आणि पुढच्या कामाला लागायचे. माणूस चुकत नाही, आराखडा सुधारतो. लग्नाचा वाढदिवस विसरले तेव्हाही त्यांनी पत्नीला शांतपणे एवढेच सांगितले होते, की नोंद सुधारण्यात आली आहे.

अशा माणसाची अब्रू एका जिराफावर येऊन टांगली गेली.

मिलीमीटरांचे वडील गल्लीच्या टोकाच्या थिएटरात ऑपरेटर होते. वरच्या खोलीत उभे राहून ते सिनेमाची रिळे लावत. त्यामुळे रविवारच्या दुपारच्या खेळाला मिलीमीटरांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला फुकट प्रवेश असे. जागा ठरलेल्या होत्या: चौदा आणि पंधरा. त्यांच्या पुढ्यातच छताचा एक जाडजूड खांब होता, म्हणून त्या जागा कधी विकल्याच जात नसत. तिथेच दोघांनी तो कोर्टाचा सिनेमा पाहिला आणि पुढची साठ वर्षे मिलीमीटरांनी तो प्रत्येक कौटुंबिक जेवणात सांगितला. निरपराध नायकाला शिक्षा होणार, इतक्यात कोर्टाच्या खिडकीतून एक जिराफ मान आत घालतो आणि खऱ्या चोराच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलतो. टोपीखाली चोरीचा हार! घरातली पोरे या जिराफावर वाढली होती.

यंदा मात्र धाकटीच्या सत्तरीच्या जेवणाची आखणी चालू असताना ती अचानक म्हणाली, “दादा, या वेळी तो जिराफ नको.”

“का? त्याने काय घोडं मारलं?”

“तो सिनेमात नव्हताच.”

मिलीमीटरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “छोटे, मी या दोन डोळ्यांनी पाहिलाय. पडद्याच्या उजव्या बाजूला, वरच्या खिडकीत.”

“तुला उजवी बाजू दिसायचीच नाही. खांब तुझ्यापुढे होता.”

“खांब तुझ्यापुढे होता! मी मोठा, मला चांगली जागा.”

“मोठा म्हणे! चांगली जागा मला मिळायची, कारण मी रडायचे.”

झाले. सिनेमाची प्रत आता कुठेच उरलेली नव्हती. मिलीमीटरांनी दोन ठिकाणी पत्रे धाडून तशी खात्री करून घेतली. मग पैज लागली. थिएटरची इमारत अजून उभी होती. तिथे जाऊन मापे घ्यायची. खांब ज्याच्या आड येत असेल, त्याने रविवारी अठरा माणसांसमोर खुर्चीवर उभे राहून, ‘सुधारणा’ वगैरे शब्द न वापरता, आपण चुकलो असे स्वच्छ कबूल करायचे. शेवटची अट धाकटीची. ती ऐकून मिलीमीटरांना त्या रात्री झोप लागली नाही.

थिएटरात आता फर्निचरचे दुकान होते. जमिनीचा उतार मात्र कुणी काढला नव्हता. त्यामुळे कपाटांची दारे आपोआप उघडत, टेबलांच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी ठोकलेल्या असत, आणि सोफ्यावर बसून पाहणारे गिऱ्हाईक बोलता बोलता हळूहळू जुन्या पडद्याच्या दिशेने सरकत जाई. खांब जागच्या जागी होता. त्याला आरसा लावला होता.

“काय दाखवू?” दुकानदाराने विचारले.

“चौदा आणि पंधरा नंबर,” मिलीमीटर म्हणाले.

“खुर्च्या सहाच्या सेटमध्येच मिळतील, साहेब.”

खुलासा मिलीमीटरांच्या नातीने केला. ती दोऱ्याचे रीळ धरायला म्हणून सोबत आली होती. दुकानदार भला माणूस निघाला. त्याने एक पलंग स्वतः ओढून बाजूला केला. खाली फरशीत जुन्या खुर्च्यांच्या बोल्टची भोके बुजवलेली दिसत होती. मिलीमीटर कडेपासून मोजत गेले आणि चौदाव्या जागेवर त्यांनी खडूने फुली मारली. तेवढ्यात धाकटीने पर्समधून आपला टेप काढला. तिने जन्मभर शिवणकाम केले होते.

“तो कापडी टेप आत ठेव. तो ताणला जातो.”

“याच टेपवर तुझ्या लग्नाचा कोट बेतला होता.”

“म्हणूनच तो बगलेत काचत होता!”

दोन्ही टेपांनी खांबाची रुंदी पन्नास सेंटिमीटर भरली, तेव्हा दोघांचीही थोडी निराशा झाली. मग पडदा होता त्या भिंतीवर त्याच्या दोन्ही कडा खुणावल्या गेल्या. मिलीमीटर चौदा नंबरवर स्टूल टाकून बसले, धाकटी पंधरावर. नात दोऱ्याचे टोक घेऊन खांबाच्या कडेने भिंतीकडे गेली आणि दोरा ताणला. मिलीमीटरांनी आकडे कागदावर उतरवले, रेषा मारल्या, आणि मग तेच आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले.

“काय झालं, आजोबा?”

“खांब बरोबर दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये येतो,” ते सावकाश म्हणाले. “मला पडद्याचा फक्त डावा अर्धा भाग दिसत होता. हिला उजवा. मधली बारा सेंटिमीटरची पट्टी तेवढी दोघांना दिसायची.”

“म्हणजे दोघांनी मिळून एकच सिनेमा पाहिलात?” नात म्हणाली. “अहो, मग जरा बाजूला झुकायचं ना! एवढंसं झुकलं असतं तरी सगळा पडदा दिसला असता.”

भाऊ-बहीण एकमेकांकडे पाहू लागले. साठ वर्षांत हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

“वडिलांनी बजावलं होतं,” अखेर मिलीमीटर म्हणाले. “फुकट बसता, तर ताठ बसा.”

“आणि दादा इतका ताठ बसायचा,” धाकटी म्हणाली, “की मागचे लोक त्यालाच खांब समजून शिव्या घालायचे.”

पण मिलीमीटरांचे डोके आता वेगळ्याच दिशेने चालू लागले होते. उजवी बाजू दिसत नव्हती, तर जिराफ दिसला कसा? त्यांनी बहिणीकडे रोखून पाहिले. ती आरशात पाहून केस सारखे करत होती.

“छोटे.”

“अरे, तू सारखा विचारायचास! ‘तिकडे काय चाललंय, तिकडे काय चाललंय.’ मला सिनेमा बघू देईनास. खिडकीचा पडदा हलला, वाऱ्याने त्या चोराची टोपी उडाली, एवढंच झालं होतं. म्हटलं, जिराफ आलाय. वाटलं, हा गप्प बसेल.”

“मी साठ वर्षं गप्प बसलो नाही!”

“तेच तर. गंमत म्हणून सोडून दिलं होतं. पण आता तू पोरांना त्याचा रंगसुद्धा सांगतोस. सिनेमा काळा-पांढरा होता, दादा!”

मिलीमीटर मटकन सोफ्यावर बसले आणि दुकानाच्या उतारावरून वीतभर पुढे सरकले. सरकता सरकता त्यांना काहीतरी आठवले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“छोटे, त्या सिनेमातला तुझा आवडता प्रसंग कोणता?”

“लाकडी पायाचा न्यायाधीश,” ती लगेच म्हणाली. “आयुष्यात कुणासाठी उठला नव्हता, पण नायकाची निर्दोष सुटका करताना कुबडीशिवाय उभा राहतो. मला अजून रडू येतं.”

“न्यायाधीश डावीकडे बसला होता.”

धाकटीचा हात केसांतच थांबला.

“तूही सारखी विचारायचीस,” मिलीमीटर प्रेमाने म्हणाले.

“नालायका! मी त्या पायासाठी लग्नानंतरसुद्धा रडलेय!”

दोघेही इतके हसले, की दुकानदाराला पाण्याचे पेले आणावे लागले.

रविवारी अठरा माणसे जेवून बसली. मिलीमीटरांनी खुर्ची हलवून तिचे चारही पाय टेकतात याची खात्री केली, हातात आराखडा घेतला आणि वर चढले.

“सदर प्रकरणी काही सुधा—”

“दादा!” धाकटी ओरडली.

त्यांनी घसा साफ केला. आराखड्याकडे पाहिले. तो काही मदत करीना. “मी,” ते म्हणाले, मग थांबले, मग डोळे मिटून म्हणाले, “चुकलो. जिराफ नव्हता. टोपी वाऱ्याने उडाली.”

पाठोपाठ धाकटीने शेजारची खुर्ची गाठली. “मीही चुकले. न्यायाधीश धडधाकट होता.”

टाळ्या वाजतील अशी दोघांची अपेक्षा होती. त्याऐवजी सर्वांत धाकट्या पणतूने भोकाड पसरले. “जिराफाला का काढलं?”

“वाऱ्याने टोपी उडाली?” मिलीमीटरांचा मुलगा म्हणाला. “बाबा, हा काय सिनेमा झाला? असल्या सिनेमासाठी आम्ही चाळीस वर्षं जेवण थंड केलं?”

“आणि पाय का बरा केला?” सूनबाई म्हणाल्या. “तोच तर जीव होता गोष्टीचा.”

मिलीमीटरांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. धाकटीने खांदे उडवले. ते खुर्चीवर उभ्याउभ्याच खिशातली पेन्सिल काढून आराखड्याच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात लिहू लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले:

“सुधारणा क्रमांक एक: जिराफ वगळला. सुधारणा क्रमांक दोन: लाकडी पाय वगळला. सुधारणा क्रमांक तीन: जनतेच्या मागणीवरून दोन्ही पूर्ववत.” त्यांनी सही केली आणि बहिणीपुढे कागद धरला. तिनेही केली.

“रंग?” पणतूने डोळे पुसत विचारले.

“पिवळा,” मिलीमीटर म्हणाले.

“तपकिरी ठिपके,” धाकटी म्हणाली, “मला इथून अगदी स्पष्ट दिसतायत.”