तांब्याला टोला देणारा गोळा

"काचेवर विसंबू नकोस, पोरी. काच दाखवेल ते बघ, पण खरं काय ते टोला देऊनच विचार."

आपल्या निवृत्तीच्या दिवशी फार्करकाकांनी डोलिनाला असं बजावलं, तेव्हा ती हसली होती. "काका, आता भांड्याला खिडकी आहे. आत काय चाललंय ते दिसतं की मला. त्या बिचाऱ्या लाकडाला आता तरी सुट्टी द्या."

ते बिचारं लाकूड म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गोळा आहे. सोललेल्या नारळाएवढा, अंगावर असंख्य पोचे पडलेला. माझा जन्म स्पे नदीच्या खोऱ्यातल्या आल्टडू डिस्टिलरीत झाला. तिथे पिंपं बांधणारा गिलिस नावाचा एक कारागीर होता. ओकच्या फळ्यांमधून एक ठोकळा उरला होता. तो चुलीत घालायचा सोडून गिलिसने तीन दिवस तासला, घासला, त्याला जवसाचं तेल पाजलं आणि मला दोरीला बांधून तांब्याच्या भांड्याशेजारी टांगलं. माझे भाईबंद पिंपं होऊन अंधाऱ्या कोठारात गेले. मी मात्र एकटाच आगीजवळ राहिलो.

माझं काम काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. जवाला मोड आणायचे, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर ते वाळवायचे, दळायचे, गरम पाण्यात कालवून आंबवायचे. अशी जी कांजी होते, ती त्या अजस्र तांब्याच्या भांड्यात उकळतात. तिची वाफ धरून थंड केली की त्यातून पुढे व्हिस्की होते. पण ही कांजी फार खट्याळ. तापली की फेसाळत भांड्याच्या गळ्यात चढते, दूध उतू जातं ना, अगदी तशी. फेस गळ्यावरून पलीकडच्या नळीत उतरला की सगळं गाळप नासलं. आणि भांडं तर तांब्याचं, आतलं काही दिसायचं नाही. म्हणून ते भांडं सांभाळणारे फार्करकाका मला झोका देऊन गळ्यावर आपटत आणि कान देत. गळा रिकामा असला तर आवाज येई 'टण्ण'. फेस चढला असला तर 'ठप्प'. तो ठप्प ऐकला रे ऐकला की काका खाली ओरडत, "आग ओढा!" आणि खालचा माणूस भराभर निखारे बाहेर ओढी.

अशी एकतीस वर्षं आम्ही दोघांनी काढली. मी विचारायचं, तांब्याने सांगायचं आणि काकांनी ऐकायचं.

गाळलेलं मद्य पाण्यासारखं नितळ असे. ते शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपांत भरून कोठारात निजवत. बारा वर्षांनी त्याला मधाचा आणि सफरचंदाचा वास येई. पंचवीस वर्षांनी सुक्या अंजिराचा आणि अगदी शेवटी पीटच्या धुराचा. दरवर्षी थोडं मद्य लाकडातून उडून जाई. त्याला आमच्याकडे देवदूतांचा वाटा म्हणत. कोठारात शिरताना माणसं आवाज खाली आणत, पाय हळू टाकत. पिंप झोपलं आहे, त्याला हलवायचं नाही, ही तिथली रीत होती. लहान पोरांनाही ती ठाऊक असे. ही रीत लक्षात ठेवा, मित्रांनो. तिनेच पुढे घात केला.

लांबून पाहुणे येत, पेला उजेडात धरत, रंगाची वाहवा करत. बाटलीवर नदीचं नाव असे, सालाचा आकडा असे. माझं नाव कुठे असणार? पण त्याचं मला वाईट वाटलं नाही. सकाळी काकांचा तळवा अंगाला लागला की मला सगळं मिळे.

मग कोळसा गेला, वाफेचे नळ आले. तांब्याच्या गळ्याला जाड काचेच्या खिडक्या बसवल्या. फेस कुठवर आला ते डोळ्यांनी दिसू लागलं आणि माझी दोरी सैल पडली. तरी काका रोज सकाळी एकदा तरी मला झोका देत. नव्याने कामाला लागलेली डोलिना ते बघून हसे. मुलगी हुशार होती, शिकलेली होती, आणि गाळपाच्या खोलीतली पहिलीच बाई होती. काकांचा तिच्यावर जीव होता.

निवृत्तीला साहेबांनी काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी मला मागून घेतलं. मला बगलेत मारून ते निघाले, तेव्हा आंबवणाची पिंपं सांभाळणारा वॉटी फाटकापाशी उभा होता. "वहिनींना घेऊन चाललात वाटतं?" तो म्हणाला.

"हो. निदान ही तुझ्यासारखी उलटून बोलत नाही," काका म्हणाले.

सगळे हसले. काकांची बायको जेसी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

डिस्टिलरीच्या कामगारांची घरं एका ओळीत होती. त्यातल्या शेवटच्या घरात चुलीशेजारच्या खिळ्याला काकांनी मला टांगलं. सुरुवातीला माणसं येत. वॉटी येई, पत्ते पडत. मग त्याचे गुडघे दुखू लागले. डोलिना येई. मग तिला मुलगी झाली, मोराग. पहिलटकरीण ती, पार धास्तावून गेली होती. मोराग जरा जास्त वेळ झोपली की डोलिना तिच्या नाकाखाली बोट धरून बघे. तिच्याकडे आता बसायला वेळ कुठला? पण रोज दुपारी चारला ती बाबागाडी घेऊन काकांच्या खिडकीवरून जाई आणि काचेतून हात करी. काका खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत, डावा हात काठीच्या मुठीवर. त्यातली दोन बोटं उचलून ते उत्तर देत. ती पुढे जाई.

मग काका माझ्याकडे बघून म्हणत, "आज पण आत आली नाही." चहाचे दोन कप काढून ठेवलेले असत. त्यातला एक ते परत फळीवर ठेवत. त्यांना दुसरं काही नको होतं. कुणीतरी उंबरा ओलांडून आत यावं, एवढंच हवं होतं.

त्या मंगळवारी जेवण झाल्यावर काका चहा ठेवायला उठू लागले. अर्धे उठले आणि पुन्हा खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवरून खाली लोंबला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्यांना बोलायचं होतं, पण शब्दच फुटेना. डावा हात काठीच्या मुठीवर, दोन बोटं वर ताठलेली, तसाच अडकून राहिला. डोळे मात्र उघडे होते, आणि ते माझ्याकडे लागले होते.

माझ्यापासून वीतभर अंतरावर तांब्याची किटली होती. कुणी मला नुसतं ढकललं असतं तरी तो आवाज चौथ्या घरापर्यंत गेला असता. पण गोळ्याला झोका द्यायला हात लागतो, मित्रांनो. आयुष्यभर मी आवाज केला आणि त्या दिवशी मी मुका होतो.

चार वाजता बाबागाडीची चाकं वाजली. डोलिनाने खिडकीतून आत पाहिलं, हात केला. काठीवर हात होता, दोन बोटं रोजच्यासारखीच वर दिसत होती. मान माझ्या बाजूला कललेली होती, त्यामुळे उघडे डोळे तिला दिसले नाहीत. "बघ मोराग," ती बाहेरून म्हणाली, "आजोबा पिंपासारखे झोपलेत. उठवायचं नाही हं." आणि चाकं पुढे गेली.

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला कुणी नव्हतं.

रात्र सरली. चूल विझली. सकाळही गेली. दुसऱ्या दिवशी चारला चाकं पुन्हा आली, खिडकीशी थबकली, आणि या वेळी लगेच हलली नाहीत. रोज त्या वेळी काकांच्या किटलीच्या वाफेने काच धूसर झालेली असे. आज ती लख्ख होती.

"वाफ नाही," डोलिना पुटपुटली. तांब्यापाशी काम केलेल्या माणसाला तेवढं पुरतं. भांडं थंड आहे, म्हणजे त्याखाली आग नाही.

ती दार ढकलून आत आली. "काका? आज चहा नाही ठेवलात?"

ती जवळ गेली आणि मोरागच्या नाकाखाली धरायची तसं बोट काकांच्या नाकाखाली धरलं. श्वास होता. मग तिने त्यांचे डोळे पाहिले आणि धावत बाहेर गेली.

रुग्णवाहिका येईपर्यंत वॉटी लंगडत आला. "अगं, पण काल तर तू पाहिलंस ना त्यांना?"

"पाहिलं," डोलिना म्हणाली. "नुसतं पाहिलं."

काका वाचले. पण डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी कळलं असतं तर वाचा राहिली असती. आता ते एल्गिनच्या वृद्धाश्रमात असतात. डोलिना दर रविवारी मोरागला घेऊन जाते, तासभर त्यांच्याशी बोलते. ते ऐकतात. बोलता मात्र येत नाही.

मी अजून त्याच खिळ्याला आहे. घर बंद असतं. गुरुवारी डोलिना येते, खिडकी उघडते, माझ्यावरची धूळ पुसते आणि रिकाम्या खुर्चीसमोर थोडी बसते. मग ती ओळीतल्या प्रत्येक घराचं दार वाजवत जाते. भिंतीपलीकडच्या घरातून वॉटीचा आवाज येतो, "जिवंत आहे मी, बाई. दाढी तरी करू देशील की नाही?" ती म्हणते, "करा की. पण करता करता बोलत राहा."

तिचं ते बोलणं ऐकलं की मला वाटतं, आपण आणखी थोडं जगावं.

मित्रांनो, मला कुणी पुन्हा तांब्याजवळ टांगावं असं मी म्हणत नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर एखादं माणूस एकटं राहत असेल. रोज खिडकीत दिसत असेल, ओट्यावर दिसत असेल, आणि तुम्ही लांबूनच हात करत असाल. आज हे वाचून झालं की त्यांच्याकडे जा. दार वाजवा. "चहा झाला का?" एवढंच विचारा. आणि त्यांच्या तोंडून उत्तर ऐकेपर्यंत तिथून हलू नका.