शिटी जरा मागून

बटण १ : इंजिन सुरू

आधी घरघर. मग धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखी फुसफुस. टेबलावरचं इंजिन वीतभर, त्याच्या पोटातला स्पीकर नखाएवढा. पण आवाज असा, की खिडकीच्या काचा थरथरतायत का ते हात लावून बघावं.

"अहो, डोळे मिटले तर अंगावर येतं हे!" अपघाताच्या तपासासाठी आलेले रेल्वेचे चौकशीसाहेब म्हणाले आणि त्यांनी खुर्ची खरंच मागे सरकवली.

खेळण्यातल्या गाड्यांना आवाज देणं हा कानसेनचा धंदा. हे टोपणनाव त्याला इतकं चिकटलं होतं, की खरं नाव बिलावरच उरलं होतं. खऱ्या इंजिनात बसायचं, आवाज टिपायचे, कापायचे, जुळवायचे, चिपमध्ये भरायचे. त्याचं काम ऐकून कुणी दचकलं की त्याची छाती फुगायची. आज साहेब दचकले आणि तो टेबलावरच्या वायरी उगाच सरळ करत राहिला.

बटण ४ : ड्रायव्हरचा आवाज

"सिग्नल मोकळा. वेग तीस. फाटक पुढे."

हा आवाज दाजींचा, म्हणजे कानसेनच्या ताईच्या नवऱ्याचा. ते एकट्याने मालगाडी चालवत. दिसेल ते मोठ्याने म्हणायचं आणि मगच हात हलवायचा, ही त्यांची शिस्त. घरातही "दार बंद, पायरी पुढे" असं म्हणत चालायचे आणि ताई म्हणायची, "मालगाडी आली, बाजूला व्हा रे."

आज दाजी भिंतीला टेकून उभे होते. स्वतःचाच आवाज परक्यासारखा ऐकत होते.

महिन्यापूर्वी कानसेन रीतसर परवानगी काढून त्यांच्या इंजिनात बसला होता. आधी शिटी देण्याची पाटी, मग लोखंडी पूल, पुलापलीकडे लगेच फाटक. फाटक म्हणायचं एवढंच. तिथे ना दांडी, ना माणूस. इंजिन पुढे निघून गेलं आणि मागच्या डब्याखाली एका सायकलवाल्या मास्तरांचा पाय गेला. मास्तर म्हणाले, "शिटी वाजलीच नाही. वाजली ती गाडी अंगाशी आल्यावर."

दाजी म्हणाले, "दिली शिटी."

"कुठे दिली?" साहेबांनी विचारलं.

"आठवत नाही."

रुळालगतचा दगड न् दगड ओळखणाऱ्या माणसाला आठवत नव्हतं! अपघाताचं कानसेनला तीन दिवसांनी कळलं. तोवर चिप तयार झाली होती.

"तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही काय ऐकलंत?" साहेबांनी त्याला विचारलं होतं.

"माझ्या कानात हेडफोन होते. ऐकलं ते सगळं टिपलंय," तो म्हणाला होता. आणि ताई लगेच म्हणाली होती, "मग ऐकव की! तुझ्या दाजींची नोकरी जायची वेळ आलीय आणि तू पुरावा टेबलावर ठेवून बसलायस?"

बटण ३ : पूल

साहेबांनी बटण दाबलं. छोटं इंजिन प्लायवूडच्या पुलाकडे निघालं. पाटीपाशी शिटी झाली: लांब, आखूड, लांब. तिचा शेपटा पुलाच्या लोखंडात घुमून विरला आणि मग खडखडाट. स्वच्छ. एकेक सांधा मोजून घ्यावा असा.

"पाटीपाशीच!" साहेब म्हणाले. "अगदी नेमकी. हे जसंच्या तसं आहे ना?"

"खऱ्यासारखं आहे," कानसेन म्हणाला.

साहेबांनी लिहायला घेतलं. "म्हणजे मास्तरांचं लक्ष नव्हतं. पाय गेला बिचाऱ्याचा, पण दोष दुसऱ्याच्या माथी मारून कसं चालेल?"

ताईने पदराने तोंड पुसलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा नीट बसली.

बटण ५ : रिकामं

या बटणावर काही भरलेलं नाही. दाबलं तरी काही वाजत नाही.

एवढंच ठाऊक असावं, की ती शिटी त्या फेरीतली नव्हती. ती वेगळ्या सकाळी, यार्डात उभ्या इंजिनाची टिपलेली. कानसेनने ती आणून पाटीपाशी डकवली आणि पुलाचा घुमार तिला इतक्या हुशारीने चढवला, की सांधा त्याला स्वतःलाही सापडेना. गाडी म्हटली की पाटीपाशी शिटी हवीच; शौकीन लोक लगेच चूक काढतात. त्या दिवशीची खरी शिटी तिथे नव्हती. ती का नव्हती, ते

बटण ३ : पूल (पुन्हा)

"एकदा परत ऐकतो हं, हौस म्हणून," साहेब म्हणाले.

या वेळी त्यांनी ड्रायव्हरच्या आवाजाचं बटणही सोबत दाबलं. इंजिन निघालं. "फाटक पुढे," खेळणं म्हणालं. "फाटक पुढे," भिंतीपाशी दाजी पुटपुटले. सवयच ती. चिपमधली शिटी झाली, दाजींचा हात खालीच राहिला. खडखडाट सुरू झाला, दाजी तसेच. पूल संपत आला आणि तेव्हा त्यांचा उजवा हात वर गेला, हवेतली मूठ खाली ओढली गेली.

उशिरा. त्या दिवशी ओढली होती तिथेच.

साहेबांची मान वहीत होती, ताईचं लक्ष साहेबांकडे. पाहिलं ते कानसेनने एकट्याने. दाजींनीही त्याला पाहताना पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

"मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड असेल का? फायलीला जोडायला," साहेब म्हणाले. "पुसलं असेल तरी चालेल. तुमच्या धंद्यात पुसतातच म्हणे."

"पुसतात," ताई घाईने म्हणाली. "पुसतोस ना रे?"

कानसेन कधीच मूळ पुसत नसे. चष्म्याच्या जुन्या डबीत तारखा घातलेली कार्डं होती. त्याने डबी उघडली आणि त्या दिवशीचं कार्ड काढलं.

"राहू दे ना, मेहुणे," दाजी म्हणाले. "झालं ते लिहून."

"झालं ते नाही लिहिलं, दाजी."

मूळ

वारा. इंजिनाची घरघर, चिपमधल्यापेक्षा मळकट. दाजी: "सिग्नल मोकळा. वेग तीस. फाटक पुढे. शिटी—"

आणि मध्येच दुसरा आवाज, तरुण, उतावळा, हसरा: "दाजी, थांबा थांबा! शिटी जरा मागून. पूल स्वच्छ घेऊ दे ना मला!"

"साल्या, तुझ्या खेळण्यापायी..." दाजींचं हसणं.

खडखडाट. अकरा सेकंद. मग शिटी, घाईची, तुटकी.

साहेबांचं पेन थांबलं. "हा मधला आवाज कुणाचा?"

प्रत्येक रेकॉर्डिंगमधून कानसेन सगळ्यात आधी जो आवाज कापायचा, तोच.

"माझा," तो म्हणाला. ताई त्याच्याकडे बघत होती, पण त्याने मान वर केली नाही. "लिहा. शिटी मी थांबवली. मास्तर खरं बोलतायत."

साहेबांनी आधीचं पान फाडलं. खेळण्यातलं इंजिन पुलाच्या टोकाला अजून फुसफुसत होतं. दाजी पुढे आले, "इंजिन बंद," असं मोठ्याने म्हणाले आणि मग त्यांनी बटण दाबलं.