साच्याच्या पोटातलं तेल

"मामा, निघंना की ह्ये!" राजशेखरनं हातोडा फेकला आणि कपाळावरचा घाम पुसला. नुकतंच ओतलेलं मोटारीचं झाकण पोलादी साच्याला असं चिकटलं होतं, की दोन्ही एकाच पोटचे वाटावेत.

मामा म्हणजे शेडमधला जुना कारागीर शांतलिंग; तो वाकून साच्याची फट बघत होता. ॲल्युमिनियमचा तापलेला रस साच्यात ओतायचा, तर आधी साचा गरम करून आतून पांढऱ्या कोटाचा, म्हणजे लेपाचा, फवारा द्यावा लागतो. मध्ये कोट असला की रस पोलादाला शिवत नाही. नसला की दोघं बिलगतात, आणि सोडवताना साच्याचा जीव जातो. धाराशिवच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये तो फवारा मालक राजशेखरच्या वडिलांच्या काळापासून शांतलिंगच मारत आला होता.

कुठं चुकलं तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. परवा खंडेनवमी झाली. बाकीच्यांनी साच्यांना बाहेरून कुंकवाची बोटं ओढली. पण शेड झाडणाऱ्या इरम्माची माया मोठी! ती साचा उघडून आत तेल चोळायची, वर कुंकू लावायची. तेलावर कोट धरत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून दसरा उलटला की शांतलिंग दर साली लवकर यायचा आणि तारेच्या ब्रशनं सगळं घासून काढायचा. तिला कधी बोलला नाही. तिचा नवरा याच भट्टीवर राबून गेला होता.

आज तेर गावची बस उशिरा आली. गुडघे ठणकत होते, अंगात त्राण नव्हतं. एवढ्याशा तेलानं काय होतंय, म्हणून त्यानं वरूनच फवारा मारला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच!

राजशेखरनं साच्याच्या कडेला चिंधी फिरवली. चिंधी काळी, तेलकट झाली.

"आत तेल कुणी घातलं? नाव सांगा मामा. आत्ताच्या आत्ता हाकलतो त्याला."

इरम्मा बाहेर अंगणात झाडत होती. तिचं नाव शांतलिंगच्या अगदी ओठावर आलं. खोटंही नव्हतं ते. या वयात त्याला दुसरं काम कोण देणार होतं?

"कुणी का घालंना," तो म्हणाला. "पुसायचं काम माजं. म्या पुसलं न्हाय."

राजशेखरचा आवाज खाली आला. "मामा, तुमच्यानं आता व्हत न्हाय. उद्यापासनं घरीच आराम करा."

आराम! मेला कुणी मागितला होता? शांतलिंगनं हात धुतले, पिशवी उचलली आणि तो निघाला.

फाटकापाशी इरम्मानं त्याला गाठलं. हातात आपट्याची पानं होती. "सोनं घ्या अण्णा. काल गावलाच न्हाईत तुमी." ती वाकून पाया पडली.

"सोन्यासारखी ऱ्हा." तो म्हणाला. मग पुढं सांगितलं, "इरम्मा, पुढच्या साली तेल बाहेरनंच लाव. आत नगं."

"आसं कसं? चटका तर आतच बसतो की त्येला." ती हसली. "आन् तुमी गुमान घासून काढताव, त्ये मला ठावं न्हाय व्हय? काढा की. दोन दिस ऱ्हायलं तरी देवाला पोचतं. तुमी हाव तवर मला कशाची काळजी?"

शांतलिंगनं पानं खिशात ठेवली.

"व्हय," तो म्हणाला, आणि बसथांब्याकडं चालू लागला.